टायरात राखलेलं म्हसवड

आमचे घरमालक दर रविवारी सकाळी आक्कांकडून धान्याचे चार दाणे मागून घ्यायचे. एक हरभरा, एक तूर, एक ज्वारी आणि एक मोहरी. मग अंगणात फटफटीशेजारी पोतं टाकून बसायचे आणि मागच्या टायरच्या खाचेत एकेक दाणा ठेवून बघायचे. टायर नवं असलं की हरभरा सगळा आत बुडायचा. काही महिन्यांनी हरभरा वर राहायचा आणि तूर बुडायची. मग ज्वारी. ज्वारीसुद्धा वर दिसायला लागली की मालकांचं बोलणं कमी व्हायचं, आणि आम्ही ओळखायचं की आता फटफटीचं नाव काढायचं नाही. टायर मोहरीवर आलं की फटफटी भिंतीला टेकून उभी.

मात्र टायर तिथं संपलेलं नसायचं. मोहरीच्या खाली अजून एक म्हसवड, म्हणजे त्या गावच्या खेपेपुरतं रबर, राखून ठेवलेलं असायचं. ते आक्कांचं.

आक्का म्हणजे मालकांची बायको. त्या एका म्हसवडासाठी मी आक्कांचा जेवढा हेवा केला तेवढा जन्मात दुसऱ्या कुणाचा केला नाही. त्यांच्याकडं हेवा करण्यासारखं वरून काही दिसत नव्हतं. रंगानं काळ्या, पुढचा एक दात पडलेला, उजवा गुडघा दुखरा. मूलबाळ नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची, केस कमरेखाली जायचे, नवरा गिरणीत कारकून. तरी हेवा माझ्याकडून त्यांच्याकडं जायचा. तिकडून इकडं कधी आला नाही.

मोठ्या दुष्काळानंतरची ती वर्षं. माधवनगरात मालकांच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. मधे अंगण, पलीकडं ते दोघं. मी वाईची. चौथी झाली आणि शाळा सुटली. चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती, त्यामुळं माझा सगळा वेळ दाराच्या आडून बघण्यात जायचा. बघायला समोर मालक होतेच.

मालक फौजेत फटफटीवरून डाक पोचवायचे. पेन्शन घेऊन गावी आले आणि फौजेच्या लिलावात तसलीच एक थोराड, परदेशी बनावटीची फटफटी घेतली. गावात लोकांकडं सायकली होत्या, दोघा-चौघांकडं स्कूटरी. त्या सगळ्यांत ही म्हणजे शेळ्यांत रेडा. मालक ठेंगणे. फटफटीवर बसले की दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून त्यांनी दारात एक दगड पुरून घेतला होता. खाली धोतर, पायात फौजी बूट, धोतराचे सोगे साखळीत जाऊ नयेत म्हणून पोटऱ्यांना सुतळी बांधलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. कसलंही काम नसताना ते लांब लांब जायचे. पन्हाळा, जेजुरी, एकदा पार गोकर्ण. जाऊन काय केलं असं विचारलं तर म्हणायचे, "जाऊन आलो."

त्यांचा जीव सगळा मागच्या टायरवर. पुढच्या टायरकडं ते बघायचेसुद्धा नाहीत. "पुढलं चाक नुसती वाट बघतंय," म्हणायचे, "संसार वढतंय ते मागलं." त्या मापाचं टायर सांगलीत मिळायचं नाही, ते पुण्याहून आणावं लागायचं. आणि ते बसवायचं फक्त दसऱ्याला. फौजेत खंडेनवमीला बंदुकीची पूजा करायची, आता माझी बंदूक हीच, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याआधी टायर संपलं तर फटफटी उभी राहील, पण सणाशिवाय टायर बदलायचं नाही. एकदा भाद्रपदात कुणीतरी पुण्याहून टायर आणून दिलं, तर ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. हात म्हणून लावला नाही.

चहाच्या गाड्यावर ह्यावरून फार वाद चालायचे. आमचे हे तिथं रोज बसायचे, त्यांच्याकडून मला कळायचं. ट्रकवाला म्हणे, एवढ्या जड गाडीचं मागचं टायर सहा महिने गेलं तरी डोक्यावरून पाणी. गिरणीतला फिटर म्हणे, हवा बरोबर ठेवली तर वर्ष जाईल. किती मैल, ते सांगा, असं सगळे मालकांनाच विचारायचे. मालक मैल मानत नव्हते. सांगली-मिरज मैल वेगळा आणि वाईच्या वरच्या घाटातला मैल वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा, पावसातला वेगळा, मग मैल मोजून काय करायचं? ते गावं मोजायचे. दाणा खाचेत ठेवून, डोळा बारीक करून सांगायचे, "दोन कऱ्हाड हाईत, एक तासगाव हाय, आन एक म्हसवड. म्हसवडाला हात लावायचा न्हाई."

एकदा गिरणीतले मोठे साहेब स्वतः अंगणात आले. त्यांना तातडीनं साताऱ्याला जायचं होतं आणि त्यांची मोटार बंद पडली होती. टायर मोहरीवर होतं. मालक म्हणाले, जमणार नाही, त्यात म्हसवड आहे. साहेब अहमदाबादकडचे. त्यांना वाटलं म्हसवड हा फटफटीचा एखादा भाग असेल. ते म्हणाले, "मग तो काढून ठेवा ना." मालकांनी चष्मा काढला, साहेबांकडं बराच वेळ बघितलं आणि आक्कांना म्हणाले, "ह्यास्नी च्या दे." चहा दिला. फटफटी दिली नाही. आमच्या ह्यांना दोन दिवस गिरणीत तोंड लपवून फिरावं लागलं.

मला मात्र त्या दिवशी दाराआड उभं राहून काहीतरी टोचलं. एका माणसानं बायकोसाठी एवढ्या मोठ्या साहेबाला नाही म्हटलं. आणि तोच माणूस एरवी आक्कांशी धड एक शब्द बोलायचा नाही. चहा गार झाला, भाकरी जाड झाली, दाणे मोठे दिलेस, मापाचे आण. गुडघा धरून आक्का उठायला लागल्या की म्हणायचा, "झाली म्हातारी, आता काय उपेग न्हाई." आक्का हसायच्या. मला त्या हसण्याचा अर्थ लागायचा नाही, म्हणून राग यायचा.

मागं बसण्याचाही एक नियम होता. बाई एका अंगाला पाय सोडून बसली की टायर एका अंगानं झिजतं, असं मालकांचं ठाम मत. खरं की खोटं देव जाणे, पण त्यांनी तशा बसणाऱ्या बाईला कधी फटफटीवर घेतलं नाही. सख्ख्या बहिणीला कऱ्हाडच्या स्टँडवर सोडून आले होते म्हणे. बसायचं तर दोन्हीकडं पाय टाकून, पुरुषासारखं. आक्का तशाच बसायच्या. त्या म्हसवडकडच्या, मेंढरंवाल्यांच्या घरातल्या. लहानपणी मेंढरांमागं फिरताना तट्टावर बसलेल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, दगडावर पाय दिला की झाल्या वर. नळावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आक्का वरूनच म्हणायच्या, "हसा बायांनो, तुमी हितंच बसून हसा. मी चालले."

दरवर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्या माहेरी जायच्या. तेच राखलेलं म्हसवड. मी उंबऱ्यात उभी राहायची. मालक ओरडायचे, "पाय आवळ." आक्का पाय आवळून घ्यायच्या, आणि त्यांचा काळा हात मालकांच्या खांद्यावर पडायचा, सगळ्या गल्लीदेखत, आपल्याच घराच्या खुंटीवर पिशवी अडकवावी तसा. मग धूर आणि आवाज. वळणावरून फटफटी दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ यायचा. मी आत जाऊन ज्या भांड्याला हात लागेल ते घासायची.

आमच्या ह्यांची सायकल होती. नवीन लग्न झाल्यावर एकदा मला सांगलीला सिनेमाला नेलं होतं, मागं कॅरियरवर बसवून. वाटेत थोडा चढ लागला तर म्हणाले, उतर. मी उतरले. पुढं सपाट लागलं, तरी बस म्हणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, मी चालतच गेले. माणूस वाईट नाही. पगार हातात आणून द्यायचा, कधी हात उगारला नाही. पण माझ्यासाठी म्हणून काही बाजूला ठेवावं, एखादा पेढासुद्धा, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. लग्नाआधी मी नऊवारी नेसायची. ह्यांनी पाचवारी नेसायला लावली, साहेबांच्या बायका नेसतात म्हणून. पाचवारीत पाय टाकून बसता येत नाही. म्हणजे फटफटीचं दार माझ्यासाठी तिथंही बंद.

मग ते वर्ष आलं. माझा भाऊ पलटणीत भरती झाला. दर पंचमीला तोच मला न्यायला यायचा. वडील थकलेले, त्यांना प्रवास होत नव्हता. ह्यांना गिरणीतून रजा नव्हती, आणि एकटीनं एसटीनं जायचा मला धीर नव्हता. मी कुणाला काही बोलले नाही. पंचमीला चार-पाच दिवस राहिले होते, मी अंगणात डाळ निवडत बसले होते आणि निवडलेली डाळ परत न निवडलेल्या डाळीत टाकत होते. आक्कांनी ते बघितलं. मालक टायरपाशी बसले होते. मोहरी खाचेतून वर डोकावत होती.

"आवं," आक्का म्हणाल्या, "औंदाचं म्हसवड हिला द्या."

मालकांनी मान वर केली नाही. "खुळी झालीस काय? ही वाईची. म्हसवडापरीस वाई लांब हाय. जाऊन परत यायाचं न्हाई टायर."

"मग जावा नुसतं. फटफटी ऱ्हाऊ द्या तितंच दसऱ्यापातूर."

"आन मी?"

"तुमी यष्टीनं या."

मालकांनी एसटीत पाय ठेवायचा नाही अशी शपथ घेतली होती, हे गल्लीतल्या पोरांनासुद्धा माहीत होतं. ते बराच वेळ मोहरीचा दाणा दोन बोटांत फिरवत बसले. मग आक्कांना म्हणाले, "आन तुजं म्हसवड?"

"माजं कुटं पळून जातंय? म्या जाईन की यष्टीनं."

हे म्हणताना आक्कांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला आला राग. माझ्यासाठी कुणी वर्षभर असं काही राखलं असतं, तर मी ते सख्ख्या बहिणीलाही दिलं नसतं. मुठीत धरून बसले असते. आणि ही बाई चिमूटभर मीठ द्यावं तसं देऊन मोकळी झाली.

मालक माझ्याकडं वळले. "पाय टाकून बसशील?"

मी मान हलवली.

संध्याकाळी हे घरी आल्यावर मालकांनीच त्यांना सांगितलं. लेकीसारखी नेतो म्हणाले. ह्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. पण रात्री जेवताना ताटाकडं बघून म्हणाले, "मी तीन वर्षं म्हणतोय, मला एकदा मिरजेपर्यंत तरी न्या. मला नाही नेलं." घास गिळला आणि म्हणाले, "नीट बस. टायर खराब करू नकोस त्यांचं." मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आमच्या घरात हेवा करणारी मी एकटीच नाही, हे तेव्हा कळलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आक्कांनी मला त्यांची नऊवारी नेसवली. हिरवी, धुऊन मऊ झालेली. काष्टा त्यांनीच खोचून दिला आणि पाठीवर थाप मारली, तट्टाला मारतात तशी. मी दगडावर पाय दिला आणि वर बसले. खांद्यावर हात ठेवायचं मला होईना. मी सीटच्या मागची लोखंडी दांडी धरली. मालक ओरडले, "पाय आवळ." आणि निघालो. मी वळून बघितलं. उंबऱ्यात आज आक्का उभ्या होत्या. त्या हसत होत्या. त्यांनी आत जाऊन भांडी घासावीत असं मला वाटलं. त्या तशाच हसत उभ्या राहिल्या.

पहिला खड्डा आला तेव्हा मी हातभर उडाले. पुढच्या खड्ड्याआधी मालकांनी डाव्या हातानं आपल्या मांडीवर दोनदा थाप मारली. मला काही कळलं नाही, मी परत उडाले. तिसऱ्यांदा कळलं. थाप पडली की बूड जरा उचलून धरायचं, म्हणजे दणका बसत नाही. ही त्या दोघांची खूण. मी तीन वर्षं उंबऱ्यात उभी राहून त्यांना बघत होते, पण हे सगळं वळणाच्या पलीकडं चालायचं, ते मला कुठून दिसणार?

कऱ्हाडला थांबून त्यांनी टायर बघितलं. मोहरी आता ठेवायलाही खाच नव्हती. पुढं श्रावणाची भुरभुर सुरू झाली. रस्ता ओला, टायर गुळगुळीत. मालकांनी वेग कमी केला. कडेला ऊस, त्याच्यावर पाऊस पडल्याचा आवाज, आणि सारखी चाललेली फटफट. मांडीवर थाप पडली की मी उचलले जायची, परत बसायची. आता ते मला आपोआप जमत होतं.

उंब्रजच्या पुढं कुठंतरी, मान न वळवता, वाऱ्यातून ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं, पण घरात कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात ते म्हणाले, "गुडगा दुकतुया का गं?"

मला क्षणभर कळलं नाही. माझा गुडघा कशाला दुखेल? मग कळलं. वर्षानुवर्षं मागं एकच माणूस बसलेलं. तीच नऊवारी, तेच वजन सीटवर, त्याच खुणेला उचलणारं. ते विसरले होते मागं कोण आहे.

मी सांगायला पाहिजे होतं, मालक, मी आहे. पण मला बोलायचा धीर कधीच नव्हता. आणि खरं सांगायचं तर, मला तो प्रश्न परत द्यायचा नव्हता.

मी आक्कांच्या आवाजात, त्यांच्यासारखं म्हणाले, "न्हाई."

"दुकला तर सांग," ते म्हणाले. "थांबू. घाई न्हाई कसली."

आणि न सांगताच त्यांनी वेग आणखी कमी केला. बैलगाडी आम्हाला मागं टाकून जाईल असं वाटलं. त्या गुडघ्यासाठी. मी दांडी सोडून खांद्यावर हात ठेवला असता तरी त्यांना कळलं नसतं. मी ठेवला नाही. ती खुंटी माझी नव्हती.

साताऱ्याच्या अलीकडं ते उतरले, चष्मा पुसला, वळून माझ्याकडं बघितलं आणि घाईनं चष्मा परत चढवला. मग खाली वाकून टायरवरून हात फिरवला आणि टायरलाच म्हणाले, "वाई येतंय आता." तिथून वाईपर्यंत त्यांनी जोरात नेली, आणि थाप मारायची ती मारलीच नाही. मी आपली खड्डे बघून उठत होते.

वाईला आमच्या गोठ्यात फटफटी उभी केली तेव्हा टायरमधून आतलं कापड दिसत होतं. वडलांनी मालकांना राहा म्हणून फार आग्रह केला. ते चहा पिऊन लगेच स्टँडवर निघाले, वडील पोचवायला गेले. वडील नंतर पुष्कळ दिवस सांगत, असा माणूस बघितला नाही, बूट घालून धोतर नेसलेला आणि एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना देवळात चुकून चप्पल नेल्यासारखा खाली बघणारा. दसऱ्याला ते खांद्याला नवं टायर अडकवून आले, आमच्या गोठ्यातच पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि फटफटी घेऊन गेले.

पंचमीनंतर मी शेजारच्या काकूंच्या सोबतीनं माधवनगरला परत आले. आक्का म्हसवडहून एसटीनं आल्या होत्या. स्टँडपासून चालत यावं लागलं होतं. गुडघा सुजला होता आणि त्या अंगणात पाय लांब करून हळदीचा लेप लावत बसल्या होत्या. मालक पलीकडं बसून म्हणत होते, लेप पातळ झालाय, तेवढंसुद्धा येत नाही.

मी नऊवारी धुऊन, घडी घालून आणली होती. ती मांडीवर घेऊन आक्कांनी मालक आत जाईपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "वाटंनं काय बोलले का गं?"

मी म्हणाले, "काही नाही. टायरचंच बोलत होते."

आक्का लेप लावत राहिल्या. "मलाबी तेवढंच बोलत्यात," त्या म्हणाल्या, आणि पडलेल्या दाताच्या फटीतून हसल्या.

तेव्हा मला त्या हसण्याचा अर्थ लागला. म्हणजे त्यासुद्धा सांगत नव्हत्या. म्हसवड त्यांनी मला सहज दिलं होतं, कारण ते म्हणजे नुसता रस्ता होता. आत जे राखलेलं होतं ते त्यांनी कुणाला दिलं नव्हतं, देणारही नव्हत्या. त्यातलं एवढंसं माझ्याकडं चुकून आलं होतं, आणि तेही माझं नव्हतं. त्या दिवसापासून माझा हेवा कमी व्हायचा तो दुप्पट झाला.

पुढं ह्यांना साताऱ्याला नोकरी लागली आणि आम्ही खोल्या सोडल्या. मालक गेले, आक्काही गेल्या. फटफटीचं काय झालं मला माहीत नाही. ह्यांनी नंतर स्कूटर घेतली. मी तिच्यावर एका अंगाला पाय सोडून बसायची. तिची टायरं किती दिवस जायची, हे कधी कुणी बघितलं नाही.

आता माझा गुडघा दुखतो. उजवाच. देवळाच्या पायऱ्या उतरताना हे आपल्या वेगानं पुढं जातात, खाली जाऊन चपला घालून उभे राहतात. मी कठडा धरून एकेक पायरी उतरते. मधे कुठंतरी दम घ्यायला थांबते. कुणी काही विचारलेलं नसतं. तरी मी हळूच म्हणते, "न्हाई."